थकव्यावरचा उतारा : एका शब्दाची कुळकथा

उत्तरपत्रिका तपासणीच्या दिवसांत आमच्या स्टाफरूममधील टेबलावर अश्वगंधाच्या गोळ्यांची बाटली हमखास दिसते. तिच्यावर ‘ॲडॅप्टोजेन’ हा शब्द ठळक छापलेला आणि त्याखाली प्राचीन भारतीय ज्ञानाचा हवाला. शब्द हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना येथे थांबणे भाग आहे. कारण हा शब्द प्राचीन नाही, भारतीय नाही आणि मुळात तो कोणत्या वनस्पतीसाठी घडवलेलाही नव्हता.

निकोलाय लाझारेव या सोव्हिएत औषधशास्त्रज्ञाने १९४७ च्या सुमारास तो योजला, तो डिबाझोल या प्रयोगशाळेत तयार झालेल्या रसायनाच्या संदर्भात. एखाद्या ठरावीक रोगाविरुद्धची नव्हे, तर कोणताही आघात सोसण्याची शरीराची शक्ती वाढवणारे द्रव्य, असा त्याचा आशय. ही परिभाषा त्या काळाच्या हवेतच होती. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’मधील एका छोट्या टिपणात मांडले होते की, थंडी, जखम, विष, अतिश्रम यांपैकी कारण कोणतेही असो, शरीराचा प्रतिसाद एकाच साच्याचा असतो : आधी धोक्याचा इशारा, मग प्रतिकार, शेवटी शक्तिपात.

वनस्पती या शब्दाखाली आल्या त्या व्लादिवोस्तोकमध्ये. तेथील इस्रायल ब्रेखमन जिनसेंगचा अभ्यास करीत होते. उसुरी नदीच्या परिसरातील हे अरण्य साहित्याच्या वाचकांना निराळ्या वाटेने परिचित आहे. आर्सेन्येवच्या ‘देर्सू उझाला’चे आणि त्यावरील कुरोसावाच्या १९७५ च्या चित्रपटाचे ते अरण्य, प्रिश्विनने तर १९३३ च्या आपल्या लघुकादंबरीला या मुळाचेच नाव दिले. देर्सू ज्या नानाई जमातीचा, तिचे शिकारी दूरच्या वाटचालीत भूक-तहान आणि थकवा आवरण्यासाठी शिझान्द्राची लाल फळे खात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोव्हिएत संशोधकांचे लक्ष अशा वनस्पतींकडे वळले, यात नवल नाही. शिकाऱ्याचा थकवा आणि सैनिकाचा थकवा मात्र एकच असतो का, हा प्रश्न उरतोच.

जिनसेंग दुर्मीळ आणि महाग. म्हणून ब्रेखमन त्याच कुळातील, तेथे मुबलक उगवणाऱ्या एल्युथेरोकॉकस या काटेरी झुडपाकडे वळले. (पुढे अमेरिकेच्या बाजारात हे झुडूप ‘सैबेरियन जिनसेंग’ म्हणून खपू लागले; २००२ च्या कायद्याने ते नाव वापरण्यास बंदी घालावी लागली.) १९६९ मध्ये ब्रेखमन आणि दार्दिमोव यांच्या इंग्रजी लेखामुळे ही संकल्पना पाश्चात्त्य जगात पोहोचली. अशा द्रव्याच्या अटी तीन : ते निरुपद्रवी असावे, त्याचा परिणाम सार्वत्रिक असावा आणि बिघाड कोणत्याही दिशेचा असला तरी त्याने शरीराला समतोलाकडे न्यावे. तिसरी अट पाहा. वाढलेले उतरवते, उतरलेले वाढवते. मग ही संकल्पना खोटी ठरवायची तरी कशी? आपल्या समीक्षेतील ‘समृद्ध अनुभवविश्व’ जसे कोणत्याही कवितेला चिकटते, तसाच हा प्रकार.

पुरावा अगदीच नाही, असे नव्हे. आर्मेनियातील ५६ तरुण डॉक्टरांवर रात्रपाळीच्या काळात र्‍होडिओला या मुळाची चाचणी झाली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या दोन आठवड्यांत मानसिक थकवा कमी आढळला. मात्र २०१२ मधील एका आढाव्याला र्‍होडिओलावरील चाचण्यांचे निष्कर्ष परस्परविरोधी आणि त्यांच्या पद्धती सदोष वाटल्या. युरोपीय औषध संस्थेने तर २००८ मध्येच हा शब्द औषधशास्त्राच्या परिभाषेत मान्य नसल्याचे नोंदवले होते.

आता आपली अश्वगंधा, मराठीतला आस्कंद. २०१२ मध्ये ६४ जणांवर ६० दिवस झालेल्या भारतीय चाचणीत ताण आणि रक्तातील कॉर्टिसॉल दोन्ही घटल्याचे दिसले. पण यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. म्हणजे ‘निरुपद्रवी’ या पहिल्याच अटीपाशी अडचण. शिवाय तिच्या लॅटिन नावातील ‘सोम्निफेरा’चा अर्थ निद्रा आणणारी, आणि आपण ती घेतो जागून काम उरकण्यासाठी!

मला खटकतो तो ‘रसायन’ या संज्ञेचा सर्रास केला जाणारा ‘ॲडॅप्टोजेन’ हा अनुवाद. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाने होतो, आणि तेथील श्रेष्ठ विधी कुटीप्रावेशिक. आधी शरीरशुद्धी, मग गर्दी-गोंगाटापासून दूर बांधलेल्या कुटीत राहून रसायनसेवन. थकलेल्या माणसाला कामावर टिकवून धरणे हा त्याचा हेतूच नव्हे; तो माणूस काही काळ कामातून बाहेर काढलेला असतो. आचाररसायनात तर औषधाचे नावही न घेता सत्य, अक्रोध, झोप आणि जागरणातील समतोल यांनाच रसायन म्हटले आहे. लाझारेव-ब्रेखमन यांच्या संकल्पनेत श्रम तसेच राहतात, बदलायचे ते शरीर.

अर्थात चरकाला भोळा समजण्याचे कारण नाही. कुटीचा विधी कोणासाठी, हेही तो सांगतो : ज्यांच्याजवळ सवड आहे, साधनसामग्री आहे, त्यांच्यासाठी. उरलेल्यांना वातातपिक विधी, म्हणजे वारा-ऊन खात, आपले व्यवहार सांभाळत घ्यायचे रसायन. परीक्षेच्या हंगामात आम्ही सारे या दुसऱ्या वर्गातले.