निरुपयोगी संहितेचे विसर्जन : लिनक्स कर्नलच्या इतिहासातील एक प्रकरण

एखादी रूढी, संस्था अथवा शब्दरूप केव्हा आरंभले हे बहुधा कोठेतरी नोंदलेले असते. ते केव्हा संपले याची नोंद क्वचितच सापडते. वापर थांबणे ही घटना कोणी जाहीर करीत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचा इतिहास या बाबतीत अपवाद ठरावा, अशी अपेक्षा सहजच निर्माण होते. कारण तेथे कोणती ओळ कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने लिहिली वा खोडली, हे सर्व जतन केलेले असते. लिनक्स कर्नलमधून ३२-बिट यंत्रांसाठीची मेमरी हॉटप्लगची संहिता २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. त्या प्रकरणाचा मागोवा घेतला असता ही अपेक्षा कितपत सार्थ आहे, याची चांगलीच परीक्षा होते.

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. यंत्रातील मेमरीचे वाटप हे त्याचे एक प्रमुख कार्य होय. यंत्र सुरू होताना जेवढी मेमरी आढळेल तेवढीच यंत्र बंद होईपर्यंत राहील, असे गृहीत धरून आरंभीची रचना झाली होती. मोठ्या सेवायंत्रांच्या बाबतीत हे गृहीत अडचणीचे ठरू लागले. यंत्र न थांबवता मेमरी वाढवता यावी, सदोष भाग काढून घेता यावा, अशी गरज निर्माण झाली. या सोयीला मेमरी हॉटप्लग असे नाव आहे. आयबीएम आणि फुजित्सू या कंपन्यांतील अभियंत्यांनी तिच्यावर विशेष परिश्रम घेतले. ऑक्टोबर २००५ मध्ये तिची मूळ संहिता कर्नलमध्ये समाविष्ट झाली आणि जानेवारी २००६ च्या २.६.१५ या आवृत्तीतून ती लोकांपुढे आली. मेमरी काढून घेण्याची सोय मागाहून, जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत आली. हा विलंब साहजिक होता. नवी मेमरी जोडण्यास हिशेबाची वही वाढवली की बरेचसे काम भागते. काढून घ्यावयाची तर तीत जे साठले आहे ते आधी अन्यत्र हलवावे लागते, आणि कर्नलचा स्वतःचा मजकूर सहसा हलवता येत नाही.

२००५ च्या त्या पहिल्या तुकडीतच ३२-बिट इंटेल जातीच्या यंत्रांसाठीची कलमे होती. त्या काळी अशी यंत्रे सर्वत्र असल्यामुळे त्यात नवल नाही. परंतु या यंत्रांच्या प्रकृतीतच एक विसंगती होती. ३२ बिटांनी ४ गिगाबाइट एवढेच पत्ते दाखवता येतात. प्रचलित विभागणीप्रमाणे त्यांपैकी ३ गिगाबाइट वापरकर्त्याच्या कार्यक्रमांकडे आणि १ गिगाबाइट कर्नलकडे जाई. त्यातही कर्नलला थेट हाताळता येईल अशी मेमरी सुमारे ८९६ मेगाबाइट उरे. तिला निम्न मेमरी म्हणत. त्यापलीकडची ती उच्च मेमरी. पत्त्यांचा विस्तार करण्याच्या युक्तीने असे यंत्र ६४ गिगाबाइटपर्यंत मेमरी बाळगू शके. पण मेमरीच्या प्रत्येक ४ किलोबाइटच्या पानामागे सुमारे ३२ बाइटांची एक नोंद कर्नलला ठेवावी लागे, आणि ती निम्न मेमरीतच ठेवावी लागे. ६४ गिगाबाइटांची पाने १ कोटी ६७ लाखांहून अधिक होतात. त्यांच्या नोंदींनाच ५१२ मेगाबाइट लागतात. म्हणजे निम्न मेमरीचा अर्ध्याहून अधिक भाग केवळ नोंदवहीनेच व्यापला जाई. बाहेरून जितकी मेमरी जोडावी तितका कर्नलचा आतला अवकाश आकसत जावा, अशी ही स्थिती होती. ६४-बिट यंत्रे सर्वत्र झाल्यावर तिच्यातून वाट काढण्याचे प्रयोजनही उरले नाही.

यापुढील घटनाक्रम बारकाईने पाहण्याजोगा आहे. २०१७ मध्ये हॉटप्लगच्या संहितेची मोठी पुनर्रचना झाली. नव्याने आलेली मेमरी कोणत्या विभागात घालावयाची, यावरील जुने निर्बंध तीत सैल करण्यात आले. ६४-बिट यंत्रांत कर्नलला सर्व मेमरी थेट हाताळता येत असल्याने त्यात काही बिघडण्यासारखे नव्हते. ३२-बिट यंत्रांत मात्र नवी मेमरी उच्च विभागातच जावयास हवी. पुनर्रचनेनंतर ती कर्नलच्या सामान्य विभागात जाऊ लागली. कर्नल जेथे थेट पोहोचू शकत नाही तीच जागा त्याला स्वतःच्या कामासाठी मिळू लागली. अर्थातच ही सोय मोडली. पण ती मोडल्याचे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात आले २०२० मध्ये, एका तक्रारीच्या निमित्ताने. मिखाल होत्स्को यांनी निदान २०१७ च्या बदलापासून हा भाग नादुरुस्त आहे असे नमूद करून ३२-बिट यंत्रांपुरता तो बंद केला. मात्र तो लगेच खोडण्यात आला नाही. त्याला 'ब्रोकन', म्हणजे मोडलेले, अशी खूण करण्यात आली. कर्नलच्या व्यवहारात या खुणेला निश्चित अर्थ आहे : संहिता जागच्या जागी राहते, पण नेहमीच्या मार्गाने ती निवडता येत नाही. ज्याला तिची खरोखर गरज असेल त्याने पुढे येऊन ती सांगावी, यासाठी दिलेली ती एक प्रकारची मुदतच होय. वर्षाहून अधिक काळ लोटला, तरी तिचे समर्थन करणारा कोणी पुढे आला नाही. तेव्हा २०२१ मध्ये डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी ती संहिता काढून टाकली, आणि जानेवारी २०२२ च्या ५.१६ या आवृत्तीपासून ती दिसेनाशी झाली.

या विसर्जनात ३२-बिट कलमांबरोबर आणखी जे गेले ते भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. हॉटप्लगच्या संहितेत 'स्पार्स' असे विशेषण लावलेला एक स्वतंत्र पर्याय होता. 'स्पार्स' म्हणजे विरळ. मेमरीच्या मांडणीची ही एक पद्धती. एके काळी याहून वेगळ्या मांडणीवरही हॉटप्लग संभवत असल्याने हे विशेषण भेद दाखवीत असे. पुढे विरळ मांडणीवाचून हॉटप्लग शक्यच राहिले नाही. विशेषणाला प्रतियोगी उरला नाही, आणि ते व्यावर्तक न राहता केवळ अलंकार झाले. तीच गोष्ट उच्च मेमरीची. मेमरीतील बदलाची वार्ता कर्नलच्या इतर भागांना कळवणाऱ्या नोंदीत उच्च मेमरीसाठी एक रकाना राखलेला होता. उच्च मेमरी फक्त ३२-बिट यंत्रांतच असल्याने तो भरण्याचा प्रसंगच राहिला नाही. तो रकाना गेला, आणि दस्तऐवजातील त्याचे वर्णनही गेले. भेद नष्ट झाला की भेददर्शक चिन्ह निरर्थक होते. पण ते आपोआप गळून पडत नाही. ते कोणाला तरी वेचून काढावे लागते.

मराठीच्या लेखनात हे घडलेले आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केले आणि व्युत्पत्तीने आलेले अनुच्चारित अनुस्वार प्रमाण लेखनातून गेले. 'नांव', 'पांच', 'कांही' यांच्या जागी 'नाव', 'पाच', 'काही' ही रूपे आली. प्रमाण उच्चारातून ते अनुनासिक त्यापूर्वीच लोपले होते. नियमांनी लेखन उच्चाराच्या बरोबर आणले एवढेच. परंतु कोकणातील बोलींत आणि कोंकणी भाषेत अनुनासिक उच्चार टिकून आहे. म्हणजे जे चिन्ह पुण्यात निरर्थक ठरले ते अन्यत्र सार्थ होते. एखादी गोष्ट वापरात नाही असे म्हणताना ती कोठे ऐकली, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

कर्नलच्या बाबतीतही तो विचारावयास हवा. २०१७ ते २०२० या काळातील मौनाचे दोन अर्थ संभवतात. ही सोय वापरणारे जवळजवळ कोणी नव्हते, हा एक. जे थोडे होते ते जुन्याच आवृत्तीवर राहिल्यामुळे त्यांना काही जाणवले नाही, हा दुसरा. संहितेच्या नोंदींवरून या दोहोंत निर्णय करता येत नाही. गिट ही नोंदव्यवस्था एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्माण केली; हॉटप्लगची संहिता तिच्यानंतर काही महिन्यांनी कर्नलमध्ये आली. त्यामुळे कर्नलमधील तिचे सारे आयुष्य, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, अभ्यासकाला उपलब्ध आहे. इतके अखंड साधन इतिहासाच्या फार थोड्या विषयांना लाभले असेल. तरीही ते सांगते ते लेखनाविषयी. वापराविषयी ते काही सांगत नाही. संहिता केव्हा खोडली हे नोंदींतून कळते, ती केव्हा मोडली हे शोधून काढता येते, आणि तिची गरज केव्हा संपली हे केवळ अनुमानाने ठरवावे लागते. या तीन वेगवेगळ्या तारखा आहेत. त्यांतील पहिलीलाच अंत मानणे ही इतिहासलेखनातील नित्याची चूक होय.

८०३८६ या प्रक्रियकाचे उदाहरण येथे तुलनेस घेता येईल. त्याचा आधार डिसेंबर २०१२ मध्ये काढला गेला तेव्हा तो मोडलेला नव्हता. तो सांभाळण्याचे ओझे इतरांच्या कामावर पडत होते, म्हणून तो गेला. तेथे उपयोग आणि ओझे यांची तुलना झाली. प्रस्तुत प्रकरणात तुलनेचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण उपयोगाच्या बाजूने बोलणारा कोणी नव्हता. अशा वेळी आधी खूण करणे, मुदत देणे आणि मग खोडणे, हा जो क्रम पाळला गेला तोच या निर्णयाचा खरा आधार आहे. मौन हा पुरावा दुबळा असतो. परंतु बोलण्याची संधी दिल्यानंतरच्या मौनाचे वजन संधी न देताच गृहीत धरलेल्या मौनाहून निश्चित अधिक असते. खोडलेली संहिता जुन्या नोंदींत शाबूत आहे आणि गरज सिद्ध झाल्यास ती परत आणता येईल. अनुस्वाराच्या बाबतीत नियम करणाऱ्यांना इतकी सोय नव्हती.