विमानवाहू जहाजांवरील टेहळणी व पूर्वसूचना विमाने

विमानवाहू जहाजावरून उड्डाण करून शत्रूची जहाजे, पाणबुड्या, विमाने व क्षेपणास्त्रे दुरूनच हेरणारी आणि त्यांची सूचना नौदलाच्या ताफ्यास वेळीच देणारी विमाने. या विमानांचा इतिहास वरवर पाहता रडार व संगणक यांच्या प्रगतीचा इतिहास वाटतो. प्रत्यक्षात त्यांचे आयुष्य व आधुनिकीकरण ही दोन्ही, ज्या जहाजावरून ती उडतात त्याच्या डेकच्या रचनेवर अवलंबून राहिली आहेत. भारतीय नौदलातील अलीझे विमानांचा मुंबई व गोवा यांच्याशी निगडित असलेला इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय.

तत्त्व : रडारच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्यामुळे क्षितिजाखालील लक्ष्य रडारला दिसू शकत नाही. जहाजावरील रडारचा आकाशक (अँटेना) समुद्रसपाटीपासून २५ मी. उंच असेल आणि क्षेपणास्त्र १० मी. उंचीवरून येत असेल, तर ते सु. ३४ किमी. अंतरावर आल्यानंतरच दिसू लागते. सेकंदास ३०० मी. वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्रास हे अंतर कापण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. तोच आकाशक ३,००० मी. उंचीवर नेल्यास क्षितिजाची मर्यादा सु. २४० किमी.पर्यंत मागे हटते आणि जहाजास सु. तेरा मिनिटे मिळतात. या अकरा-बारा मिनिटांच्या लाभासाठीच असे विमान बाळगले जाते.

उगम व विकास : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जपानी आत्मघातकी विमाने अमेरिकी जहाजांवर खालून चाल करून येऊ लागली, तेव्हा ॲव्हेंजर जातीच्या विमानाच्या पोटाखाली रडार बसविण्यात आले, तथापि ते लढाईत उतरण्यापूर्वीच युद्ध संपले. ब्रिटिश नौदलाने पुढे गॅनेट विमानाचा याच कामासाठी उपयोग केला. अमेरिकेचे हॉकाय हे विमान १९६४ मध्ये सेवेत आले. पाठीवरील ७.३ मी. व्यासाची फिरती तबकडी हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्याच्या पहिल्या आवृत्तीतील इलेक्ट्रॉनीय यंत्रणा बेभरवशाची ठरल्यामुळे संगणक बदलावा लागला. त्यानंतर १९७३ मध्ये ‘सी’ व २०१४ मध्ये ‘डी’ या आवृत्त्या सेवेत आल्या. विमानाचा मूळ आराखडा मात्र साठ वर्षे कायम राहिला. अमेरिकी जहाजांवर कॅटापुल्ट, म्हणजे विमानास झटक्याने पुढे फेकणारे यंत्र, अखंडपणे राहिले म्हणूनच हे शक्य झाले.

भारतातील अलीझे विमाने : विक्रांत हे भारताचे पहिले विमानवाहू जहाज ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाले व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईस पोहोचले. त्यावर वाफेचा कॅटापुल्ट होता. जहाजावरील टेहळणी व पाणबुडीविरोधी कामासाठी ब्रेगे या फ्रेंच कंपनीची अलीझे विमाने घेण्यात आली आणि त्यांचे ३१० क्रमांकाचे पथक १९६१ च्या मार्चमध्येच फ्रान्समध्ये स्थापन झाले. एका टर्बोप्रॉप इंजिनावर चालणाऱ्या या विमानात तिघे जण बसत आणि पोटाखाली उतरवता येणारे रडार असे. हे रडार मुख्यतः समुद्रपृष्ठावरील लक्ष्यांसाठी होते. त्यामुळे आजच्या अर्थाने अलीझे हे हवाई पूर्वसूचना विमान नव्हते. तरीही क्षितिजापलीकडे पाहणारा ताफ्याचा डोळा तेच होते.

डिसेंबर १९६१ मधील गोवामुक्तीच्या कारवाईत विक्रांतने पश्चिम किनाऱ्यालगत गस्त घातली. मुक्तीनंतर दाभोळी येथील विमानतळ नौदलाकडे आला. कोईमतूरजवळील सुलूर येथून १९६४ मध्ये हंसा हा नौदलाचा हवाई तळ तेथे हलविण्यात आला आणि दाभोळी हे नौदलाच्या हवाई दलाचे प्रमुख केंद्र बनले. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरील सी हॉक व अलीझे विमानांनी बंगालच्या उपसागरातून कॉक्स बझार, चितगाव इ. ठिकाणी हल्ले केले. त्याच महिन्यात अरबी समुद्रावर एक अलीझे विमान पाकिस्तानच्या एफ-१०४ या स्वनातीत विमानाने पाडले व त्यातील तिघेही मृत्युमुखी पडले. टेहळणी विमान ताफ्याच्या पुढे, एकटे आणि संथ गतीने उडते. इतरांना मिळणाऱ्या मिनिटांची किंमत प्रसंगी त्यातील कर्मचाऱ्यांना द्यावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

आधुनिकीकरण व डेक : सी हॉक विमानांच्या जागी १९८३ पासून सी हॅरियर विमाने येऊ लागली. ती आखूड धाव घेऊन उडत व सरळ खाली उतरत. त्यांना कॅटापुल्टची गरज नव्हती. त्यांच्यासाठी डेकच्या टोकाशी ‘स्की-जंप’ या नावाने ओळखला जाणारा वर चढत जाणारा उतार सोयीचा होता. अलीझेने १९८७ मध्ये विक्रांतवरून अखेरचे उड्डाण केले. त्यानंतरच्या दुरुस्तीत कॅटापुल्ट काढून टाकण्यात आला व हा उतार बसविण्यात आला. अलीझे विमाने जुनी झाली होतीच. परंतु आता ती कितीही सुधारली असती, तरी जहाजावर परतणे त्यांना शक्य नव्हते. काही काळ किनाऱ्यावरून उडून ती निवृत्त झाली आणि ३१० क्रमांकाच्या पथकास डॉर्निअर विमाने मिळाली. फ्रान्समध्ये मात्र जहाजांवरील कॅटापुल्ट कायम राहिल्याने त्याच जातीच्या विमानांवर इग्वान हे नवे रडार बसविण्यात आले आणि ती २००० पर्यंत सेवेत राहिली.

पूर्वसूचनेचा अभाव किती महाग पडतो, याचा अनुभव ब्रिटनने १९८२ मधील फॉकलंड युद्धात घेतला. गॅनेट विमाने १९७८ मध्येच निवृत्त झाली होती. ४ मे रोजी शेफील्ड या विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळून २० जण ठार झाले. त्यानंतर काही आठवड्यांतच सी किंग हेलिकॉप्टरांवर रडार बसविण्यात आले, परंतु तोवर युद्ध संपले होते. कॅटापुल्ट नसलेल्या जहाजांसाठी हेलिकॉप्टर हा पर्याय येथून रूढ झाला.

भारतानेही हाच मार्ग स्वीकारला. विराट हे जहाज १९८७ मध्ये दाखल झाले, परंतु खऱ्या अर्थाने हवाई पूर्वसूचना देणारे साधन नौदलास मिळाले ते २००३ मध्ये, जेव्हा दाभोळी येथे रशियन कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरांचे ३३९ क्रमांकाचे पथक स्थापन झाले. या हेलिकॉप्टरच्या पोटाखाली सु. ६ मी. लांबीचा, घडी होणारा आकाशक असतो. उड्डाणानंतर तो खाली सोडला जातो व सर्व दिशांना फिरतो. त्यास अडथळा होऊ नये म्हणून चाके वर उचलली जातात. तथापि त्याची उंची सु. ३,५०० मी.पर्यंतच जाते व ते अडीच तासांच्या आसपासच हवेत राहू शकते. हॉकाय ९,००० मी.पर्यंत चढते व चार तासांहून अधिक काळ टेहळणी करते.

सद्यःस्थिती : विक्रमादित्य (२०१३) व कोची येथे बांधलेले नवे विक्रांत (२०२२) या दोन्ही भारतीय जहाजांवर चढता उतार आहे, म्हणून त्यांची पूर्वसूचना हेलिकॉप्टरांवर अवलंबून आहे. चीनने प्रथम हेलिकॉप्टरे वापरली. २०२५ मध्ये सेवेत आलेल्या फूज्यान या जहाजावर मात्र विद्युत्-चुंबकीय कॅटापुल्ट व त्यावरून उडणारे केजे-६०० हे विमान आहे. रडार व संगणक दर दहा-पंधरा वर्षांनी बदलता येतात. जहाजाचा डेक सहसा एकदाच ठरतो व तो चार-पाच दशके टिकतो. त्यामुळे भारताच्या पुढील विमानवाहू जहाजाच्या आराखड्यात कॅटापुल्ट असावा की नसावा, या प्रश्नातच त्याच्या टेहळणी विमानांचे भवितव्य सामावलेले आहे. गोव्यातील नौदल विमानवाहन संग्रहालयात ठेवलेले अलीझे विमान याच इतिहासाचा अवशेष होय.