सतरा नंबरचा फॉर्म: मॅट्रिकच्या दाराची गोष्ट

आजचा विषय मला माझ्या आत्यानं दिला. ती सावंगी मेघेला एका खाणावळीत पोळ्या करते. सातवीनंतर तिची शाळा सुटली. मागच्या वर्षी एका ठिकाणी नोकरी विचारायला गेली, तर समोरच्यानं एकच प्रश्न केला, "दहावी आहे का?" घरी येऊन मला म्हणते, "तीस वर्षं लोकायले जेवू घातलं बापा, त्याचं सर्टिफिकेट नाई राहत काय?"

मी हसलो खरा, पण प्रश्न डोक्यातून जाईना. दहावीच का? ही रेघ नेमकी इथंच कुणी मारली?

त्यासाठी मागं जावं लागतं. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्यानं पहिली मॅट्रिक घेतली. ही मुळात शाळा संपल्याची परीक्षा नव्हतीच, विद्यापीठात शिरण्याची होती. पण कॉलेजात जाणार किती? थोडेच. बाकीच्यांसाठी 'मॅट्रिक पास' म्हणजे कारकुनीचा परवाना झाला. ज्यांना इंग्रजी शाळा परवडत नव्हती, त्यांच्यासाठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होती. लोक तिला नुसती 'फायनल' म्हणायचे. तेवढ्यावर माणूस शाळामास्तर व्हायचा. म्हणजे आत्या ऐंशी-नव्वद वर्षं आधी जन्मली असती आणि ती परीक्षा पास झाली असती, तर मास्तरीण होऊ शकली असती!

आता आपल्या वर्ध्याकडे या. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथं शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष. त्यांचं म्हणणं साधं होतं: सात वर्षांच्या शिक्षणात मुलाला मॅट्रिकइतकं ज्ञान द्या, त्यातून इंग्रजी वजा करा आणि एक हस्तोद्योग मिळवा. पुढं झाकिर हुसेन समितीनं अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामला नई तालीम सुरू झाली. गंमत बघा, मॅट्रिकला पर्याय शोधतानाही माप मॅट्रिकचंच घ्यावं लागलं. समकक्षतेचा हा पेच तेव्हापासूनचा आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९ पासून एसएससी आली. आपला विदर्भ तेव्हा मध्य प्रांतात होता, इथली व्यवस्था वेगळी. १९६५ च्या कायद्यानं राज्याचं मंडळ उभं राहिलं. जुनी मॅट्रिक अकरावीला असायची. १९७५ पासून ती दहावीला आली. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, 'जुनी अकरावी' हा शब्द ते अजून अभिमानानं उच्चारतात.

आणि शाळेबाहेर राहिलेल्यांसाठी दार? तेच हे, फॉर्म नंबर १७. आत्याला वाटत होतं, आधी आठवी, मग नववी करावी लागेल. तसं नाही. किमान पाचवी पास आणि चौदा वर्षं पूर्ण असली की खाजगी विद्यार्थी म्हणून थेट दहावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, जवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथं द्यायचा. तारखा दरवर्षी मंडळ जाहीर करतं, त्या चुकवू नका. विलंब शुल्क लागतं.

पेपर नियमित मुलांचाच. सहा विषय, एकूण ६०० गुण. तीन भाषांना प्रत्येकी ८० गुणांची लेखी आणि २० गुण शाळेतल्या मूल्यमापनाचे. गणिताचे दोन पेपर, बीजगणित ४० आणि भूमिती ४०. विज्ञानाचेही तसेच दोन. समाजशास्त्रात इतिहास-राज्यशास्त्र ४० आणि भूगोल ४०. इथंही वरचे २० शाळेकडे. म्हणूनच संपर्क केंद्राच्या शाळेत जाणं-येणं ठेवा. नुसता फॉर्म भरून घरी बसलेला माणूस हे वीस गुण हकनाक घालवतो. पास व्हायला १०० पैकी ३५. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षेत तेवढाच द्यायचा, पास झालेले परत नाही.

हे एवढं सांगितल्यावर आत्या पहिल्यांदा नीट बसून ऐकायला लागली. "म्हणजे गणितात नापास झाली तरी मराठी वाया नाई जात?" नाही जात. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, आणखी सैल आहे: पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्याला आचार्य विनोबा भावे यांचं नाव आहे. विनोबांनी तरुणपणी आपली सर्टिफिकेटं चुलीत जाळली होती. मला ते फार भारी वाटायचं. आता वाटतं, जाळायला आधी हातात असावं लागतं.

आत्यानं जुन्या शाळेतून दाखला काढून आणलाय. त्यावर तिचं माहेरचं नाव आहे. कित्येक वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. फॉर्मवर आम्ही तेच टाकलं. सध्या दुपारी खाणावळ आवरली की ती बीजगणित घेऊन बसते, आणि मला फोन करते, "हा एक्स आला कुठून रे?"

तुमच्या घरात अशी कुणी आत्या, वहिनी, काका असतील तर हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात.