थांबवण्याची विद्या

एखादे यंत्र कोणी शोधले आणि ते प्रथम कोठे सुरू झाले, याची नोंद इतिहास आवर्जून ठेवतो. ते धोका न होता बंद कसे करावे हे माणसे कशी शिकली, तिकडे मात्र इतिहासकाराची नजर क्वचितच वळते. वाशीम, रिसोड, कारंजा या मुलखातील विहिरींवर तेलाचे इंजिन आले, त्या घडामोडीचा विचार करताना ही उणीव मला फार जाणवते. हा मुलूख १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा होता, पुढे तो अकोल्यात गेला आणि १९९८ साली पुन्हा वेगळा झाला. सरकारी दप्तरात जिल्हा आला-गेल्याचा दिवस सापडतो. मोट थांबली आणि इंजिन धडधडू लागले तो दिवस सापडत नाही.

मोटेला थांबवण्याचे शिक्षण लागत नसे. बैल दमला की धावेवर तोच उभा राही. नाडा तुटला तर मोट विहिरीत पडे आणि काम आपोआप बंद होई. सजीव शक्तीला स्वतःची मर्यादा कळते. इंजिनाला ती कळत नाही. ते दमत नाही, फक्त तापते. आणि तापल्याचे सांगत नाही. म्हणून थांबण्याचा विवेक यंत्राच्या बाहेर, माणसापाशी असावा लागतो. मोट गेली आणि इंजिन आले, तेव्हा शेतकऱ्यावर पडलेली खरी नवी जबाबदारी मला हीच वाटते.

रूडोल्फ डीझेल याचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्ग येथे कसोटीस उतरले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरापाठोपाठ तेथे १९२६ मध्ये पंप तयार झाला, आणि १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. यंत्र अशा रीतीने घराजवळ आले. परंतु ते हाताळण्याची रीत मात्र फिटरच्या तोंडून शेतकऱ्याच्या कानी, अशीच खेडोपाडी पसरली.

ती रीत बारकाईने पाहिली तर तिच्यातील प्रत्येक नियमामागे शास्त्र दिसते. सुरू करण्यापूर्वी वंगण, डिझेल आणि थंड करणारे पाणी पाहावे. पंपात पाणी भरून हवा काढावी, कारण कोरडा पंप पाणी ओढत नाही, उलट आतून घासतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हात सुटतो, मनगट वाचते. पट्ट्याजवळ धोतराचा सोगा किंवा उपरण्याचे टोक मोकळे नसावे. पाणी सोडण्याचा व्हॉल्व्ह प्रथम मिटलेला ठेवून मग हळूहळू उघडावा, म्हणजे इंजिनावर एकदम भार येत नाही.

बंद करताना हाच क्रम उलटा होतो, आणि घाई नडते ती येथेच. आधी व्हॉल्व्ह सावकाश मिटवून भार उतरवावा. तो एकदम उतरला तर नळातील पाण्याचा स्तंभ उलटा येऊन नळावर आणि तळाच्या फूटव्हॉल्व्हवर घणासारखा आदळतो. मग इंजिन काही मिनिटे मंद चालू द्यावे. सिलिंडरची उष्णता पाण्यावाटे निघून जाते. त्यानंतरच तेल तोडावे. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, त्याने बीड तडकते. आणि चाक पूर्ण थांबल्यावाचून पट्ट्याला हात लावू नये. तेल तोडल्यावरही जड चाक बराच वेळ फिरत राहते.

याहून मोठा धोका विहिरीच्या पोटात आहे. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीवर हा दाब फार तर ३४ फूट पाणी उचलू शकतो. व्यवहारात २० ते २२ फुटांपुढे भरवसा नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप खाली न्यावा लागतो, आणि त्याच्या मागोमाग इंजिनही विहिरीतल्या टप्प्यावर उतरवण्याचा मोह होतो. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोंडलेल्या हवेत तो साचतो आणि माणसाच्या रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो.

जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपली पूर्वापार चाल शहाणपणाची होती. दिवा विझला तर प्राणवायू कमी, हे ती सांगे. परंतु हा नवा वायू जीव घेण्याइतका असला तरी कंदील जळतच राहतो! पूर्वजांची खूण येथे खोटा धीर देते. एक माणूस खाली कोसळला म्हणजे त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि मायेपोटी तोही जातो. म्हणून इंजिन काठावरच ठेवावे, धुराडे वाऱ्याच्या बाजूने मोकळे असावे. खाली कोणी पडलाच, तर तशाच अवस्थेत मागे उतरू नये. वरून दोराने काढावे आणि हवेच्या साधनांसह येणाऱ्यांना बोलवावे.

या बाबतीत कायदा कोठे होता? १९४८ च्या कारखाने कायद्याने चालत्या यंत्रापाशी काम करणाऱ्यास अंगाबरोबर बसणारे कपडे सक्तीचे केले, आणि निकडीच्या वेळी शक्ती तोडण्याची सोय कामाच्या प्रत्येक खोलीत असावी असे घातले. यंत्रशक्ती वापरणारा, दहा किंवा अधिक कामगारांचा कारखाना त्याच्या कक्षेत येई. कापसाच्या जिनात त्यामुळे नियम पोचला. तोच कापूस पिकवणाऱ्याच्या विहिरीवर, जेथे इंजिनापाशी बापलेक दोघेच असत, तेथे पोचला नाही. तेथे संरक्षण होते ते जाणत्याच्या शब्दाचे.

पुढे वीज आली, आता सौरपंपही आले. तथापि वीज नसलेल्या नाल्याकाठी डिझेल इंजिन अजून ऐकू येते, आणि ते चालवणारा बहुधा घरातला तरुण असतो. त्याला हँडल मारण्याची हौस कोणी शिकवावी लागत नाही. व्हॉल्व्ह मिटवून, हात मागे घेऊन, चाक थांबेपर्यंत उभे राहण्याचा धीर मात्र कोणीतरी शिकवावा लागतो.