गोधडीचे दप्तर

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी ही वस्ती आहे. तेथील देवळात एकाच पाषाणातून घडविलेला प्रचंड नंदी बसला आहे आणि त्याच्याच नावावरून वस्तीस हे नाव मिळाले. कार्तिकातील अखेरच्या सोमवारी या नंदीपुढे भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते. देऊळ व जत्रा जुनी आहेत. परंतु भोवतालची सरळ व रुंद रस्त्यांची वस्ती मात्र तितकी जुनी नाही. तिचा जन्म एका संकटातून झाला. १८९८ च्या ऑगस्ट महिन्यात बंगळुरात प्लेग शिरला. जुन्या पेठेतील अरुंद गल्ल्या आणि एकमेकींस चिकटलेली घरे यांत तो झपाट्याने पसरला. लोकांना मोकळ्या हवेत व उजेडात राहावयास मिळावे, या हेतूने मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या दोन वस्त्या त्यानंतर आकारास आल्या.

या साथीचा इतिहास लिहिताना मृतांची संख्या, अधिकाऱ्यांचे हुकूम, नव्या रस्त्यांचे नकाशे यांची नोंद होते. घरातील अंथरुणा-पांघरुणांचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आणि तरीही प्लेगचा पहिला घाला माणसाखालोखाल पडला तो त्याच्या गोधडीवरच.

गोधडी ही तशी अगदी सामान्य वस्तू. जुनी लुगडी, विटलेली धोतरे, लहान मुलांचे आखूड झालेले कपडे एकावर एक पसरावयाचे, वर-खाली त्यातल्या त्यात धड कापड घालावयाचे, आणि कडेपासून मध्यापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घालीत जावयाचे, एवढीच तिची कृती. कोठे तिला वाकळ म्हणतात, चार पदरांची असली तर चौघडी म्हणतात, आणि उत्तर कर्नाटकातील कानडी घरांत तिचे नाव कौदी. नावे निराळी, पण टाका एकच. कारवार जिल्ह्याच्या घाटावर यल्लापूर-हल्याळच्या रानात राहणारे, आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे वंशज असलेले सिद्दी लोकही अशीच कवंदी शिवतात, आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची त्रिकोणी फुले बसवितात.

बंगळुरात मराठी भाषा व मराठी सुई या दोन्हींचे वास्तव्य जुने आहे. १६३८ नंतर शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर आली आणि त्यांच्याबरोबर मराठी माणसेही या प्रांती आली. पुढे रंगारी व शिंपी यांचा व्यवसाय करणारी भावसार क्षत्रिय घराणी आणि संत नामदेवांचा वारसा सांगणारा शिंपी समाज येथे स्थिरावला. मात्र दुकानातील शिंप्याचे काम आणि घरातील गोधडीचे काम यांत एक मूलभूत भेद आहे. शिंपी नवे कापड कापतो. गोधडी जुने कापड जोडते. शिंप्याचे काम ठरल्या दिवशी पुरे व्हावे लागते. गोधडीला मुदत नसते. घरात एखादे लुगडे विरेल तेव्हाच तिचा पुढला पदर मिळणार. म्हणून जाणत्या गृहिणीच्या घरी एकाच वेळी दोन-तीन कामे चालू असावयाची. बाळंतिणीसाठी मऊ दुपटे, थंडीसाठी जाड वाकळ, आणि फाटलेल्या जुन्या गोधडीवरचे ठिगळ. दुपारची झाकपाक आटोपली की यांतील जे हाताशी येईल ते पुढे ओढावयाचे.

अशा रीतीने गोधडीत घराण्याचा काळ थरांनी साठत जातो. अगदी आतला थर सर्वांत जुना. आजीच्या लुगड्यावर सुनेचे लुगडे, त्यावर नातीचे परकर. ज्यांचे नाव कोणत्याही वंशावळीत लिहिले गेले नाही, त्या स्त्रियांची खूण तेथे राहते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आढळला आणि पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात घरोघर झडत्या झाल्या. रोग्यांचे कपडे व अंथरुणे बाहेर काढून जाळण्यात आली. लोकांचा जो संताप झाला, त्यात देवघरात शिरलेल्या बुटांचा भाग होता, तसाच दारात पेटलेल्या या ढिगांचाही होता. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, कापडाविषयीचा संशय सर्वस्वी निराधार नव्हता. उंदरावरील पिसवांतून प्लेग माणसाकडे येतो, हे सीमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्येच मांडले, आणि पिसू कापडात दडून राहू शकते. परंतु ज्या घराकडून गोधडी गेली, त्याला तिचा मोबदला कोणत्या दराने द्यावयाचा? बाजारभावाने ती चिंध्यांची. तीन पिढ्यांचे श्रम कोणत्या खात्यात मांडावयाचे?

सव्वाशे वर्षांनी पुन्हा साथ आली. २०२० च्या मार्चमध्ये त्याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेण्यात आला आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. प्लेगात माणसांना घर सोडून मैदानात जावे लागले होते. या वेळी त्यांना घराबाहेर पडण्याची बंदी झाली. दुकाने मिटली, तशी कपाटे उघडली. जुन्या सुती साड्यांचे प्रथम मुखपट्टे झाले, आणि मग कित्येक घरांत उरलेल्या तुकड्यांची दुपटी व गोधड्या होऊ लागल्या. तथापि या चित्राला फार गोड रंग देऊ नये. घरी राहणे ही पुष्कळ स्त्रियांना नवलाची गोष्ट नव्हती. उलट सारी माणसे घरी असल्याने त्यांचे काम वाढलेच होते. गोधडी रिकामपणातून होत नाही. ती कामांच्या फटींतून होते. हे तेव्हा जसे खरे, तसे पूर्वीही खरे होते.

मराठ्यांच्या इतिहासाचे कागद रुमालांत बांधून ठेवण्याची रीत होती. पेशवे दप्तरातील अशाच रुमालांतून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ४५ खंड प्रसिद्ध केले. कापडाने कागद जपला आणि अभ्यासकांनी कागद वाचला. कापड वाचावयाचे मात्र राहून गेले. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकांच्या संधिकाळी सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला. ती पासोडी आजही आदराने जपली जाते, कारण तिच्यावर शाई आहे. दोऱ्याच्या लेखनाला तो मान मिळाला नाही. बंगालने या बाबतीत आघाडी घेतली. गुरुसदय दत्त या मुलकी अधिकाऱ्याने जिल्ह्याजिल्ह्यांत फिरताना कंथा गोळा केल्या, आणि १९३९ मध्ये स्टेला क्रामरिश यांनी कंथेवर विद्वत्तापूर्ण निबंध लिहिला. म्हणून बंगालची कंथा संग्रहालयात गेली, आणि आपली गोधडी माळ्यावर राहिली.

माळ्यावर तरी ती किती काळ राहील? सुती लुगड्याची जागा कृत्रिम धाग्याच्या साडीने घेतली. ती विरत नाही, मऊ पडत नाही आणि सुईला सहज वश होत नाही. गोधडी शिवणारी पिढी वृद्ध झाली आहे. वस्तू उरली तरी तिच्यातील कोणता तुकडा कोणाचा, हे सांगणारी व्यक्ती गेली की ते दप्तर मुके होते. त्यासाठी सरकारी खात्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आजीला शेजारी बसवावे, गोधडी उलगडावी, एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारावे, आणि ती सांगेल ते वहीत उतरून घ्यावे. एका दुपारचे काम आहे. अग्नीपासून जे वाचले, ते विस्मृतीच्या हाती जाऊ नये, इतकेच.