हक्क आणि दाखला

सरकारी अन्याय म्हटला कीं, लाठी व तुरुंग यांचेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु दप्तरांतील एका उणिवेमुळें निरपराध माणसांचे संसार कसे मोडतात, हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं वेस्ट इंडीज बेटांतून इंग्लंडास गेलेल्या लोकांचा इतिहास अवश्य पाहावा, असें आम्हांस वाटतें.

२२ जून १९४८ रोजीं 'एम्पायर विंड्रश' या जहाजांतून जमैका, त्रिनिदाद इत्यादि बेटांतील शेंकडों माणसें लंडनजवळच्या टिलबरी बंदरांत उतरलीं. त्यांपैकीं कित्येकांनीं महायुद्धांत ब्रिटिश विमानदळांत चाकरी केलेली होती. आपण परक्या देशांत आलों, असें त्यांस वाटत नव्हतें. शाळेंत ज्या देशाचा इतिहास आपला म्हणून पढविला गेला, त्याच देशीं तीं आलीं होतीं. त्याच वर्षीं पार्लमेंटनें केलेल्या कायद्यानें इंग्लंड व वसाहती यांतील प्रजाजनांस एकच नागरिकत्व दिलें. हक्क जन्मतःच प्राप्त झालेला. मग त्याचा निराळा दाखला कशास हवा?

युद्धानें खचलेल्या इंग्लंडास माणसें हवीं होतीं. लंडनच्या वाहतूक खात्यानें १९५६ पासून बार्बाडोस बेटावर नोकरभरती आरंभिली. इस्पितळांस परिचारिका मिळाल्या. श्रम हवेसे वाटले, परंतु शेजार नकोसा झाला. भाड्याच्या खोल्यांचीं दारें त्यांस बंद होत, आणि घर व नोकरी यांबाबत वर्णभेद करण्यास कायद्यानें बंदी झाली ती १९६८ सालीं. १९५८ मध्यें तर नॉटिंग हिल भागांत गोऱ्या टोळ्यांनीं त्यांच्या वस्तीवर हल्ले केले.

अनेक कुटुंबांत आईबाप पुढें गेले व मुलें आजीपाशीं राहिलीं. पैसा गांठीं पडल्यावर मुलांस बोलावून घेण्यांत आलें. यांतील कित्येक मुलें आईबापांच्या किंवा वडील भावंडांच्या पासपोर्टावर आलीं. त्यांच्या नांवाचा स्वतंत्र कागद झालाच नाहीं. १९७१ चा कायदा १ जानेवारी १९७३ पासून अमलांत आला. त्यानें पूर्वींच स्थायिक झालेल्यांचा राहण्याचा हक्क कायम ठेवला. परंतु सरकारनें त्यांची यादी केली नाहीं, कीं त्यांस दाखलेहि दिले नाहींत. आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ येथेंच आहे.

चाळीस वर्षें हें बीज जमिनींत राहिलें. २०१२ पासून बेकायदा राहणाऱ्यांस देश नकोसा करावयाचा, असें धोरण सरकारनें उघडपणें स्वीकारलें. २०१४ व २०१६ च्या कायद्यांनीं घरमालक, धनी व बँका यांस जणूं पहारेकरीच बनविलें. तत्पूर्वीं, २०१० सालीं, आगमनाच्या जुन्या नोंदपत्रिका सरकारी खात्यानेंच नष्ट केल्या होत्या. लहानपणीं आलेलीं व आयुष्यभर कर भरलेलीं माणसें आतां साठीच्या घरांत होतीं. त्यांच्याकडून वास्तव्याच्या प्रत्येक वर्षाचा लेखी पुरावा मागण्यांत आला. तो न मिळाल्यानें कोणाची नोकरी गेली, कोणास औषधोपचार मिळेना, कोणी कोठडींत पडलें. आणि निदान ८३ जणांस देशाबाहेर घालविण्यांत आलें.

२०१८ सालीं हा प्रकार चव्हाट्यावर आला. पंतप्रधान थेरेसा मे यांनीं क्षमा मागितली व गृहमंत्री अँबर रड यांनीं राजीनामा दिला. वेंडी विल्यम्स यांनीं २०२० च्या अहवालांत, हा अनर्थ आधीं दिसण्याजोगा व टाळतां येण्याजोगा होता, असा निर्वाळा दिला. २०१९ पासून नुकसानभरपाईची योजना सुरू झाली. परंतु तेथेंहि पुराव्याचें ओझें पीडितांच्याच माथीं आलें, आणि कित्येक जण रक्कम हातीं पडण्यापूर्वींच वारले.

हक्क देणाऱ्यानें त्याची नोंद ठेवावी, हा साधा न्याय आहे. येथें नोंद ठेवण्यांत चूक केली सरकारनें, आणि शिक्षा झाली प्रजेस. चाळीस वर्षांपूर्वीं आपण कोठें राहत होतों, याचा लेखी पुरावा आपल्यापैकीं कितीजणांच्या कपाटांत सांपडेल, याचा वाचकांनींच विचार करावा. म्हणजे त्या वृद्धांवर काय प्रसंग गुदरला असेल, याची कल्पना येईल.