चार घासांचा इतिहास

मागच्या ईदला शीरखुर्मा मीच केला. दूध आटवलं, शेवया तुपात परतल्या, खारीक आदल्या रात्रीच भिजत घातली होती. ईदगाहवरून परतलेल्यांना वाट्या भरून दिल्या. मला स्वतःला दोन चमच्यांची परवानगी होती. मी हौसेने अर्धी वाटी संपवली. पंधरा मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळ आली आणि मी स्वयंपाकघरातच खाली बसले. सासूबाईंनी "नजर लागली हिला" म्हणत मीठ-मिरच्या हातात घेतल्या.

नजर वगैरे काही नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली आहे. तेव्हा वजन ११२ किलो होतं, शुगर दहा वर्षांपासूनची, आणि नमाज खुर्चीवर बसून पढावी लागायची. आज वजन ७६ आहे आणि शुगरची एकच गोळी उरली आहे. पण शीरखुर्म्याची अर्धी वाटी मला आडवं पाडते. डॉक्टर याला 'डम्पिंग' म्हणतात. गोड पदार्थ छोट्या पोटात न थांबता थेट आतड्यात उतरतो, आतडं रक्तातलं पाणी ओढून घेतं, रक्तदाब खाली येतो आणि हृदय पळायला लागतं.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण एखादा शब्द आला की तो कुठून आला हे शोधायची खोड आहे. डम्पिंगचा माग काढत गेले आणि एक गोष्ट कळली. लोक विचारतात, या ऑपरेशननंतर एवढा त्रास का होतो? इतिहास उलट सांगतो. त्रास आधी होता, ऑपरेशन नंतर आलं.

कुर्तुब्याचा वैद्य

वजन उतरवण्याची जुनी आणि गाजलेली कथा दहाव्या शतकातल्या स्पेनची आहे. लिऑनचा राजा सांचो इतका लठ्ठ होता की इतिहासात त्याचं नावच 'सांचो लठ्ठ' असं राहिलं. ९५८ साली सरदारांनी त्याला गादीवरून खाली खेचलं. त्याची आजी, नवाराची राणी टोडा, त्याला घेऊन थेट कुर्तुब्याला गेली, म्हणजे ज्याच्याशी लढाया झाल्या त्या खलिफा अब्दुर्रहमान तिसरा याच्या दरबारात. उपचार केले हसदाई इब्न शप्रूत या यहुदी हकिमाने. ख्रिस्ती राजा, मुस्लिम खलिफा आणि यहुदी वैद्य अशी ही त्रिकोणी गोष्ट आहे. सांचोचे ओठ शिवून त्याला चाळीस दिवस नळीने फक्त पातळ पदार्थ पाजले, असं सांगितलं जातं. ओठ शिवल्याची गोष्ट दंतकथा मानली तरी सांचो बारीक झाला आणि ९६० च्या सुमारास खलिफाच्या फौजेच्या मदतीने त्याने गादी परत मिळवली, हे खरं आहे.

ही कथा वाचताना मला माझे पहिले दिवस आठवले. आधी गाळलेलं पाणी आणि सूप, मग ताक आणि डाळीचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेली खिचडी. साधा घास चावून खायला महिन्याहून जास्त वेळ लागला. सांचोच्या मुदपाकखान्यात कोणी रडलं असेल का, हे बखरीत लिहिलेलं नसतं. राजा बारीक झाला, एवढंच लिहिलेलं असतं.

अल्सरच्या खाटेवरून

माझ्या पोटावर जी शस्त्रक्रिया झाली तिची खरी वंशावळ लठ्ठपणातून सुरू होत नाही. ती सुरू होते कॅन्सर आणि अल्सरपासून. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ या सर्जनने एका बाईच्या पोटाचा कॅन्सर झालेला भाग कापून उरलेलं पोट आतड्याला जोडलं. ती चारेक महिने जगली, पण टाक्यांनी जोडलेलं पोट काम करतं हे सिद्ध झालं. १८९७ मध्ये झुरिकच्या कार्ल श्लाटर यांनी एका बाईचं अख्खं पोट काढलं आणि ती वर्षभराहून जास्त जगली. माणूस पोटाशिवाय जगू शकतो, फक्त त्याला थोडं थोडं आणि अनेक वेळा खावं लागतं, हे तेव्हाच कळलं होतं.

पुढची पन्नास-साठ वर्षं अल्सरवर हाच इलाज होता. जगभरात असंख्य लोकांच्या पोटाचा भाग काढला गेला. मग त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. जेवलं की घाम येतो, चक्कर येते, गोड सोसत नाही, अंग भरत नाही. १९१३ साली लंडनच्या हर्ट्झ यांनी याचं कारण पोट भराभर रिकामं होण्यात आहे असं मांडलं आणि १९२२ साली अमेरिकेत मिक्स यांनी त्याला 'डम्पिंग' हे नाव दिलं. ईदच्या दिवशी मला झालं ते हेच.

अल्सरवाल्यांचा दुसरा त्रास रक्ताचा होता. १९२९ च्या सुमारास बोस्टनच्या विल्यम कॅसल यांनी दाखवलं की पोटात असा एक घटक तयार होतो, ज्याच्याशिवाय रक्त नीट बनत नाही. १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढता आलं तेव्हा कोडं सुटलं. पोट कापलं की बी-१२ शोषण्याचा रस्ता अरुंद होतो. बायपासमध्ये आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, त्यामुळे लोहही कमी शोषलं जातं. म्हणून मला आयुष्यभर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व घ्यावं लागणार आहे.

याच काळात आपल्या मुंबईतही रक्तावर मोठं काम चाललं होतं. १९२८ साली भारतात आलेल्या लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. गिरणगावातल्या गरीब बायकांत, आणि त्यातही गरीब मुस्लिम बायकांत हा आजार जास्त दिसे. विल्सबाईंनी त्या काय खातात हे पाहिलं आणि १९३१ मध्ये दाखवलं की यीस्टचा अर्क दिला की रक्त सुधारतं. त्यातला घटक म्हणजे आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणारं फॉलिक अ‍ॅसिड. आजारी बाईला 'नशीब' किंवा 'नजर' सांगण्याऐवजी तिच्या ताटात काय आहे हे विचारलं पाहिजे, हा धडा मुंबईने तेव्हाच दिला होता. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात माझे केस मूठ-मूठ गळू लागले, तेव्हा मैत्रिणींनी तेल सुचवलं. आहारतज्ज्ञ बाईने मात्र विचारलं, "दिवसाला प्रोटीन किती जाऊन राहिलं?" उत्तर त्या प्रश्नात होतं. रोज साठ ग्रॅम तरी हवं होतं, आणि मी त्याच्या निम्म्यावरही नव्हते.

आता मुख्य वळण. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं की अल्सरसाठी पोट कापलेल्या लोकांचं वजन काही केल्या वाढत नाही. इतके दिवस ज्याला तक्रार म्हणत होते, तोच एखाद्याचा इलाज का होऊ नये? १९६६ मध्ये त्यांनी लठ्ठपणासाठी पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. त्याआधी, १९५४ पासून, आतड्याचा मोठा हिस्सा वगळणारी एक शस्त्रक्रिया चालत असे. तिने वजन उतरे, पण यकृत निकामी होई, मुतखडे होत, जुलाब थांबत नसत. शेवटी ती बंद करावी लागली.

पुढे १९८२ साली ऑस्ट्रेलियात मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा जंतू शोधला. अल्सर गोळ्यांनी बरा होऊ लागला आणि त्याच्यासाठी पोट कापणं जवळपास संपलं. आजार गेला, शस्त्रक्रिया राहिली, आणि तिच्याबरोबर तिचे जुने त्रासही राहिले. ते मला वारशात मिळाले.

१९९९ मध्ये जपानी संशोधक कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हा भूक जागवणारा संप्रेरक शोधला. तो मुख्यतः पोटाच्या वरच्या भागात तयार होतो. म्हणजे शस्त्रक्रिया फक्त पोटाची पिशवी लहान करत नाही, ती भुकेच्या निरोपातही ढवळाढवळ करते. 'तोंडावर ताबा ठेवला असता तर एवढं करावं लागलं नसतं' असं मला सांगणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. भूक हा नुसता स्वभाव नसतो.

नागपूरचं ताट

आमच्या शहरात दोन विणकर समाजांनी दोन झणझणीत स्वयंपाक घडवले. हलबा कोष्ट्यांचा सावजी रस्सा, आणि मोमीनपुऱ्यातल्या मोमीन विणकरांची निहारी-बिर्याणी. दिवसभर हातमागावर हात आणि पाय दोन्ही चालवणाऱ्या माणसाचं ते जेवण होतं. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे मिलही गेली आणि हातमागही. आमच्या घरात माग चालवलेली शेवटची पिढी आजोबांची. मी दिवसभर खुर्चीवर वह्या तपासते, पण तर्री तीच राहिली.

त्यात आपलं शरीरही वेगळं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे माणूस बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३५, ही रेषा अनेक वर्षं होती, तेव्हा आशियाई लोकांसाठी ती ३७.५ आणि ३२.५ अशी खाली धरली गेली.

ही शस्त्रक्रिया माझ्या घरात पहिल्यांदा चर्चेत आली ती नितीन गडकरींमुळे. सप्टेंबर २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्याकडून ती करून घेतली. नागपूरच्या खवय्या नेत्याने पोट छोटं करून घेतलं, यावर पानठेल्यावर भरपूर विनोद झाले. तरी त्याचा एक फायदा झाला. हा चोरून करायचा प्रकार नाही, हे लोकांना कळलं. मात्र पुरुष नेत्याने केली तर तब्येतीची काळजी, आणि शाळेतल्या बाईने केली तर 'फॅशन', हा हिशेब मला अजून समजलेला नाही.

२०१७ मध्ये इजिप्तमधली इमान अहमद मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आली. तिचं वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितलं जात होतं. मालवाहू विमानाने तिला आणलं, ७ मार्चला शस्त्रक्रिया झाली. मग रोज टीव्हीवर किलो मोजले गेले, आणि त्याच आकड्यांवरून तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला. मे महिन्यात ती अबू धाबीला गेली आणि २५ सप्टेंबरला तिथेच वारली. तिला अनेक आजार होते. मला मात्र एवढंच आठवतं की तिला काय खावंसं वाटतं, हे त्या बातम्यांत मी कुठेच ऐकलं नाही.

रोजा, दावत आणि सजदा

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रमजानमध्ये डॉक्टरांनी रोजे धरू दिले नाहीत. यंदा तपासण्या करून परवानगी मिळाली. पण मला पाणी गटागटा पिता येत नाही, जेवताना तर पिताच येत नाही. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास सोडून घोट घोट घ्यावं लागतं. इफ्तारपासून सहरीपर्यंत दीड लिटर पाणी आणि साठ ग्रॅम प्रोटीन बसवायचं म्हणजे रात्रभर जागायचं. अकरा रोजे झाले आणि बाराव्या दिवशी वर्गात फळ्यासमोर चक्कर आली. बाकीचे सोडले. एक नातेवाईक म्हणाल्या, "आधी खाऊन खाऊन ऑपरेशन केलं, आता रोजेही माफ!" आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

दावतीत याहून अवघड. आपल्याकडे प्रेम आग्रहात मोजतात. मराठी घरात 'अजून एक घ्याच', आमच्याकडे 'तुम्हाला माझी कसम'. "आपा, तुम्ही तर काहीच खाऊन नाही राहिले" असं म्हणत कोणी प्लेटमध्ये बिर्याणी वाढतं, आणि माझे चार घास केव्हाच झालेले असतात. पाचवा घेतला तर तो उलटून येतो. आधी मी लाजून खोटं सांगायची, घरून जेवून आले म्हणून. आता स्पष्ट सांगते, माझं ऑपरेशन झालंय, पोट एवढंच आहे. बहुतेक लोक समजून घेतात.

शरीराची ओळखही नव्याने करून घ्यावी लागते. दंडाची कातडी सैल लोंबते. लग्नातली अंगठी दोऱ्याने बांधून घालते. डिसेंबरची थंडी हाडात शिरते. आरशात दिसणाऱ्या बाईला मी कधी कधी सलाम करायचं विसरते. पण खुर्ची आता भिंतीला लागली आहे. सात वर्षांनी माझं कपाळ सजद्यात जमिनीला टेकलं, त्या दिवशी मी नमाज संपल्यावरही बराच वेळ तशीच राहिले.

ही शस्त्रक्रिया सोपी पळवाट नाही, आणि चमत्कारही नाही. ज्यांच्या पोटावर ती शिकली गेली त्या अल्सरच्या रोग्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या तक्रारींवर माझा इलाज उभा आहे. त्यांनी ज्याला दुखणं म्हटलं ते मी पैसे मोजून, सही करून घेतलं. म्हणून तक्रार करताना मी त्यांची आठवण ठेवते, आणि दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घेते.

पुढच्या ईदलाही शीरखुर्मा मीच करणार आहे. सगळ्यांना वाट्या भरून. मला दोन चमचे.